खिळ्यावरचा भोपळा

हसू नका, मी भोपळाच बोलतोय. कोरियातल्या जेजू बेटावर कुम्जाच्या आईने मला छपरावरच्या वेलावर वाढवलं, पोखरून वाळवलं, राळेने तोंड बंद केलं. दोघी मायलेकींनी वर्षानुवर्षं माझ्यावर छाती टेकून दम घेत समुद्रात बुड्या मारल्या. शंख-शिंपले काढून वर आलं की कोंडलेला श्वास शिट्टीसारखा सुटायचा. तो आधी माझ्या अंगावर यायचा.

मग बाजारातून तो आला, नारिंगी कापडातला थर्माकोलचा गोळा. ना फुटत, ना गळत. मी खिळ्यावर गेलो, तो कुम्जाच्या काखेत. रोज सकाळी तो ऐटीत निघायचा आणि मी आतून जळायचो. भोपळ्याच्या आत दुसरं असतं तरी काय?

यंदा सोलहून एक फोटोवाला आला. "आजी, हा नारिंगी नको, तो जुना भोपळा घ्या," म्हणाला. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

"आता पाण्यात उभं राहून ती शिट्टी मारा."

"बुडी न मारता कशी येईल रे? मी काय पोलीस आहे?" कुम्जा म्हणाली.

तिची सोबतीण ह्वाजा म्हणाली, "अगं, तो वाळून तडकलाय. या वयात कसली हौस?"

"फोटोपुरतं गं," म्हणत कुम्जाने मला खोल पाण्यात नेलं आणि बुडी मारली.

माझ्या कुशीतल्या चिरेतून पाणी शिरलं. धडपडलो, पण खालीच चाललो. ती वर आली तेव्हा तिचे हात मला शोधत होते आणि मला तिचा भार पेलवेना. ह्वाजाने तो नारिंगी गुपचूप सोबत आणला होता. तिने तो पुढे ढकलला. कुम्जाने त्याला मिठी मारली आणि शिट्टी सुटली, त्याच्या अंगावर.

"बरं झालं भोपळा बुडाला, फोटो झकास आला," फोटोवाला म्हणाला. ह्वाजाने त्याला जे सुनावलं ते इथे सांगण्यासारखं नाही.

मला दोरीने ओढत घरी आणलं. तो फोटो आता माझ्यासमोरच टांगलाय. त्यात मी नाही.

माझ्या शेजारचा खिळा रिकामा आहे. कुम्जाच्या मुली शहरात राहतात, बुड्या मारणारं घरात दुसरं कोणी नाही. ती थकेल त्या दिवशी तो नारिंगी या खिळ्यावर येईल आणि आम्ही बरोबरीचे होऊ. किती वाट पाहिली होती मी त्या दिवसाची!

आजही सकाळी तो ऐटीत निघाला. मी जळलोच. पण मनात म्हणालो, जा बाबा, अजून काही वर्षं तूच जा.