दलदलीतला रस्ता

आमच्या ह्यांना साइटवर सगळे भोंगा म्हणायचे. अर्थात पाठीमागे. उभी हयात रस्त्याच्या कामांवर मुकादम म्हणून गेली. एका बाजूला रोलर, दुसऱ्या बाजूला डांबराचं मशीन आणि मध्ये हे. तिथे हळू बोलणाऱ्याचं काम नाही. निवृत्त झाल्यावर रोलर साइटवर राहिला आणि आवाज तेवढा घरी आला. "चष्मा कुठे आहे?" असं मला विचारतात, तेव्हा समोरच्या इमारतीतलं कोणीतरी खिडकीत येऊन बघतं.

मुलगा अगदी ह्यांच्यावर गेला आहे. हे मी दोघांनाही सांगून पाहिलं, दोघांनाही राग आला. त्यांचं बोलणं म्हणजे आधी एकाचा आवाज चढणार, मग दुसऱ्याचा, मग दार आपटणार. ह्यांनी ओळखीच्या कंपनीत शब्द टाकून मुलासाठी चांगली रस्ते बांधणीची नोकरी बघितली होती. चिरंजीवांनी ती नाकारली आणि दुसऱ्या शहरात एका बेकरीत काम धरलं. "इंजिनीअर होऊन पाव भाजणार?" म्हणून ह्यांनी घर डोक्यावर घेतलं. तो दुसऱ्या दिवशी ह्यांना न सांगताच गेला. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. म्हणजे एकमेकांशी बंद. माझं डोकं दोघंही खातात. "बाबांना सांग, गोळ्या वेळेवर घ्या." "त्याला सांग, मला शिकवू नकोस." मी कपडे शिवते हो, टपालखातं चालवत नाही.

मला काय वाटायचं ते सरळ सांगते. भीती वाटायची. अबोल्याची सवय लागते. पहिल्या महिन्यात टोचतो, मग अंगवळणी पडतो, आणि एक दिवस ती दोन माणसं एकमेकांना कुणाच्या तरी लग्नात लांबून मान हलवतात. माझ्या माहेरी हे झालेलं आहे. माझ्या घरात मला ते नको होतं.

जाताना मुलाने कॉम्प्युटर घरीच ठेवला. हॉलमध्ये, माझ्या शिलाई मशीनला खेटून. त्यात त्याचा एक गेम आहे. मारामारी नाही, शर्यत नाही. नुसतं एक मोठं जग, आणि त्यात तुम्ही हवं ते करा. खणा, बांधा, झाडं लावा, नाहीतर बसून राहा. त्यातले प्राणी मात्र भारी मानी. बर्फात एक पांढरी शेळी असते, वाळूत अंगाचं वेटोळं करून घरंगळत जाणारा सरडा, गुहेत एक आंधळा पक्षी. जो जिथला तो तिथलाच. उचलून दुसरीकडे नेला की हवेत विरून जातो. नुसती जागा असूनही भागत नाही, ती त्याच्या मनासारखी असावी लागते.

"आई, रोज थोडा वेळ गेम सुरू ठेवत जा," मुलगा फोनवर म्हणाला. "बंद राहिला तर झाडं वाळतात, प्राणी निघून जातात. माझ्या खोलीवर इंटरनेट आलं की मी इकडून येईन खेळायला. तोवर कशाला हात मात्र लावू नकोस."

माझ्या तोंडात टाचण्या होत्या, मी नुसतं हुं केलं. आणि काम ह्यांच्या गळ्यात मारलं. नाहीतरी ते दिवसभर गॅलरीतून रस्त्यावरचे खड्डे बघत पालिकेला शिव्या घालत असतात.

"सुरू ठेवायचा फक्त," मी बजावलं. "हात लावायचा नाही."

"मग काय नुसता बघत बसू?"

"हो."

पहिले काही दिवस खरंच नुसते बघत बसले. मग मधूनच "अरेच्चा!" असं ऐकू यायला लागलं. मग माउसचा टकटकाट. एकदा तर माझ्याकडे तक्रार घेऊन आले, की बर्फातली शेळी खांद्यावर टाकून चांगली पायवाटेपर्यंत आणली आणि गवत लागताच नाहीशी झाली. "एवढी आणली, कृतघ्न जात!" मला हसू आलं. माणूस रमला तर रमू दे म्हटलं. माझ्याकडे पडद्यांची मोठी ऑर्डर होती, एका हॉटेलच्या सगळ्या खिडक्यांची, आणि मान वर करायला फुरसत नव्हती. तिथेच घोळ झाला.

आठवड्याच्या मध्यावर मुलाचा फोन आला, एकदम खुशीत. "आई, नेट आलं! रविवारी संध्याकाळी येतो गेममध्ये. माझी दलदल बरी आहे ना?"

"कसली दलदल?"

"अगं, डोंगराच्या पायथ्याशी. त्यात गाळमांजर येतं. पाठीवर शेवाळ असतं त्याच्या. गुडघाभर साचलेलं पाणी लागतं, लव्हाळी लागतात, आणि उजेड अजिबात चालत नाही. वर्षभर मी ती जागा तयार करतोय. अजून दिसलं नाही, पण जायच्या आधी डोंगराच्या वळणाशी पावलं दिसली होती. या रविवारी नक्की."

मी फोन ठेवला आणि ह्यांच्या खांद्यावरून कॉम्प्युटरच्या पडद्यावर बघितलं. डोंगराच्या पायथ्याशी काळाभोर, रुंद, देखणा रस्ता होता. दोन्ही बाजूंना गटारं आणि ओळीने दिवे. एका वळणावर तर ह्यांनी संरक्षक कठडासुद्धा घातला होता.

"इथे आधी काय होतं हो?" मी विचारलं.

"चिखल!" हे अभिमानाने गरजले. "नुसतं पाणी तुंबलेलं. मी निचरा काढून दिला. त्याला म्हणावं, ये आता आणि बघ, बापाने काय करून ठेवलंय!"

चिडून केलं असतं तर मी भांडले असते. पण ह्या माणसाने मन लावून, जीव ओतून, मुलासाठी त्याला येणारी एकच गोष्ट केली होती. आणि मुलगा रविवारी येऊन बघणार, की बाबांनी इथेही रस्ताच घातला. तो काय म्हणेल ते मला पाठ होतं. हे काय म्हणतील तेही. मग उरलेली दारंही आपटून होणार होती.

मी सगळं सांगितलं. गाळमांजर, पाणी, लव्हाळी, अंधार.

"हात लावू नको म्हणजे बिघडवू नको," ह्यांचा आवाज आधी चढला. "मी सुधारलं!"

"त्याला सुधारलेलं नको होतं."

मला वाटलं, आता आकाशपाताळ एक करतील. पण ह्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग म्हणाले, "पावलं दिसली होती म्हणाला?"

"हो."

"कुठे?"

"तुमच्या कठड्याच्या जवळपास."

ह्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि आपलाच रस्ता उखडायला घेतला.

मुकादमाला दलदल करायला सांगणं म्हणजे शिंप्याला उसवायला सांगणं. हात वळतच नाही. बादलीने पाणी आणून ओतावं, तर ते वाहून जायचं, कारण ह्यांनी खणलं की जमिनीला आपोआप उतार यायचा. "अहो, सपाट करा!" "करतोय, पण पाणी तुंबलेलं बघवत नाही गं!" शेवटी पाणी तुंबलं, तर लव्हाळी लावली दुभाजकावर लावतात तशी, एका रेषेत, सारख्या अंतरावर. मी म्हटलं, जरा वेडीवाकडी लावा. जमेना. मी खुर्चीत बसले, तर माझीही शिलाई सरळच जाते. मग मी डोळे मिटून लावली. हे शेजारी उभे राहून "आता बरी घाण दिसतेय" म्हणून दाद देत होते. पडदे बाजूला पडले आणि हॉटेलवाल्यांना मी ताप आल्याचं कळवून टाकलं.

दिवे काढताना मात्र ह्यांना जड गेलं. एकेक दिवा काढून ते माझ्याकडे बघायचे. मी बघून न बघितल्यासारखं केलं.

रविवारी संध्याकाळी हे दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून कॉम्प्युटरसमोर बसले. मुलाला ते दिसणार नव्हते, पण सांगायचं कुणी? गेममधला ह्यांचा माणूस, पिवळ्या हेल्मेटवाला, लव्हाळ्यांत चिखलात बसून राहिला होता. थोड्या वेळाने डोंगरावरून लाल टोपीवाला एक माणूस उतरत आला. आमचा मुलगा. तो चिखलाच्या काठाशी थांबला आणि बराच वेळ हललाच नाही.

मग स्पीकरमधून त्याचा आवाज आला. "बाबा? तुम्ही आहात?"

किती महिन्यांनी तो थेट ह्यांच्याशी बोलला होता. माझ्या हातातली कात्री तशीच राहिली.

"मीच!" ह्यांनी माईकमध्ये तोंड घालून सांगितलं.

पडद्यावर सगळे बेडूक एकदम उडाले आणि पाण्यात गेले.

"शू! बाबा, हळू!" मुलगा कुजबुजला. "माईकमधला आवाज प्राण्यांना ऐकू जातो. असंच मोठ्याने बोलत राहिलात तर गाळमांजर महिनाभर फिरकणार नाही."

हे त्याने मला सांगितलं नव्हतं. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. पोहायला न येणाऱ्याला पाण्यात ढकलावं, तसा चेहरा. मग ओठ हलले आणि त्यातून काहीतरी खरखरीत, बारीकसं बाहेर आलं. इतक्या वर्षांच्या संसारात मी ह्यांना कुजबुजताना पहिल्यांदा ऐकलं. आमच्या लग्नाच्या पहिल्या रात्रीची बोलणीसुद्धा शेजाऱ्यांनी ऐकलेली आहेत.

"इथे रस्ता होता का?" मुलाने विचारलं. "एक गटार राहिलंय."

"होता," हे कुजबुजले. "मी केला होता. मग काढला. चुकलं."

मला वाटलं, आता भडकणार. भडकायचंच होतं त्याला, श्वासावरून कळत होतं. पण कुजबुजत भडकता येत नाही. लाल टोपीवाला चिखलात उतरला आणि पिवळ्या हेल्मेटशेजारी येऊन बसला.

"अगं," हे माझ्याकडे वळून पुटपुटले, "दिवा बंद कर. आणि ते मशीन थांबव."

"बाबा, घरातला दिवा त्याला दिसत नाही," मुलगा हसला. हळूच हसला.

"असू दे. बंद कर गं."

मी दिवा बंद केला. मशीन थांबवलं आणि अंधारात मांडीवर पडदा घेऊन बसले. कॉम्प्युटरच्या निळसर उजेडात ह्यांचा चेहरा तेवढा दिसत होता.

"तू न सांगता गेलास," हे म्हणाले.

"सांगितलं असतं तर तुम्ही ओरडला असतात."

"ओरडलो असतो."

पाण्यात एक बुडबुडा आला आणि फुटला.

"पीठ हाताने मळता की मशीन आहे?" ह्यांनी विचारलं.

"मशीन आहे. पण शेवटचं मळणं हातानेच. सुरुवातीला मनगटं दुखायची."

"फावडं मारताना माझी दुखायची. झोपताना गरम पाण्यात धरत जा."

"धरतो."

"भाजलं-बिजलं नाही ना कुठे?"

"थोडं. कोपरावर."

ह्यांनी स्वतःच्या कोपरावरून हात फिरवला. डांबराचा जुना डाग आहे तिथे. मग अगदी खाली आवाज गेला, मला पुढे वाकून ऐकावं लागलं.

"एखादा पाव पाठव की."

"पोचेपर्यंत शिळा होईल, बाबा."

"चालेल."

पलीकडून मुलाने नाक ओढल्याचं ऐकू आलं. ह्यांनी चष्मा काढला. मी पडद्याची कड डोळ्यांना लावली, हॉटेलची असली तरी.

आणि तेवढ्यात लव्हाळी हलली. ह्यांच्या हेल्मेटच्या मागून एक ओलं, हिरवट, मांजराएवढं काहीतरी बाहेर आलं. पाठीवर शेवाळ होतं. त्याने ह्यांच्या बुटाचा वास घेतला, मग मुलाच्या. दोघांच्या बरोबर मध्ये ते निवांत बसलं आणि पंजा चाटायला लागलं. हे चष्मा पुसत होते. मुलगा, कुणास ठाऊक, डोळे पुसत असेल. दोघांपैकी एकाचंही लक्ष नव्हतं. माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, "अहो, ते बघा!" मी ओठ घट्ट मिटले. पंजा चाटून झाल्यावर ते उठलं आणि लव्हाळ्यांत शिरलं.

दोघं बोलत राहिले. बेकरीच्या मालकाबद्दल, ह्यांच्या गोळ्यांबद्दल, पावाला चिरा का पाडतात याबद्दल. शेवटी मुलाने मला हाक मारली.

"आई, तू बघत होतीस ना? आम्ही बोलत बसलो. आलं होतं का गं?"

ह्यांनीही वळून माझ्याकडे बघितलं. तितक्याच आशेने.

"नाही बाई," मी म्हटलं. "काही दिसलं नाही. पुढच्या रविवारी बसा परत."