आईचा फोटो राहिलाच

“अगं, माझा टाय कुठाय? ती फोटोवाली माणसं सभागृहात येऊन बसलीसुद्धा!”

तेग्यु आजोबा घरातून ओरडत होते. माल्सुन आजी अंगणात कोबीच्या ढिगापाशी उकिडव्या बसल्या होत्या. कोपरापर्यंत रबरी हातमोजे, आणि त्यांवर मिरचीचा लालभडक मसाला.

“कपाटात. डावीकडे, पायमोज्यांच्या खाली.”

“नाहीये!”

“आहे.”

टाय तिथेच होता. यात काय विशेष, आमच्याकडे रोज असंच चालतं, असं तुम्ही म्हणाल. पण त्याच कपाटाच्या दाराला एक निळा हानबोक, म्हणजे कोरियातला सणासुदीचा पेहराव, टांगलेला होता. बहिणीच्या मुलाच्या लग्नात एकदाच घातलेला. आजींनी आदल्या दिवशी त्याला हळुवार इस्त्री केली होती. टाय शोधताना आजोबांनी तो बाजूला सारला, आणि तो कशासाठी बाहेर काढलाय हे विचारायचं काही त्यांना सुचलं नाही.

त्या दिवशी गावच्या सभागृहात म्हाताऱ्यांचे ‘दीर्घायुष्याचे फोटो’ काढायला शहरातून काही तरुण मंडळी आली होती. नाव दीर्घायुष्याचं, पण तो फोटो कधी लागतो हे सगळ्यांनाच ठाऊक. माणूस गेलं की तोच पांढऱ्या फुलांमध्ये ठेवतात आणि गाव त्याच्यापुढे वाकतं. तोवर तो कापडात गुंडाळून कपाटाच्या तळाशी पडून असतो.

उन्हाळ्यात शेजारच्या बोंगसॉकची बायको गेली. तिच्या अंत्यविधीहून परतल्यापासून आजींनी एकच धोशा लावला होता, “मला माझा एक धड फोटो हवा.” उभ्या आयुष्यात त्यांनी स्वतःसाठी दुसरं काही मागितल्याचं निदान मला तरी माहीत नाही.

आणि आजोबांनी काय केलं? हिवाळ्याची किमची, म्हणजे कोबीचं तिखट लोणचं, गावातल्या बायका पाळीपाळीनं एकेकीच्या घरी जमून घालतात. यांची पाळी पुढच्या आठवड्यात होती. पण सोलहून मुलाचा, सांगहोचा, फोन आला की या शनिवारीच येणं जमेल. आजोबांनी लगेच शेजाऱ्यांशी पाळी बदलून घेतली. त्याच शनिवारी फोटो आहेत हे त्यांना पक्कं माहीत होतं. त्यासाठी तर ते न्हाव्याकडे जाऊन आले होते! फक्त त्यांच्या डोक्यात एकच फोटो होता.

आजोबा सूट घालून बाहेर आले तशा आजी म्हणाल्या, “अहो, मी पण येते. पटकन जाऊन पटकन परत येईन.”

“आणि हे सगळं?” आजोबांनी कोबीकडे हात केला. “गावातल्या बायका आपल्या दारात राबतायत आणि घरची बाई नटूनथटून फोटोला गेली, असं म्हणू द्यायचं लोकांना? पुढच्या वर्षी परत येतील ते.”

“पुढच्या वर्षी मी असेन कशावरून?”

“कामाच्या दिवशी अभद्र बोलू नकोस!”

स्वतः कसल्या फोटोला निघालोय, हे त्या क्षणी आजोबा साफ विसरले होते.

मुळे कापणाऱ्या बायकांच्या सुऱ्या एकदम जोरात चालू लागल्या. सून युनजू धीर करून म्हणाली, “बाबा, मी बघते ना इथलं. आईंना जाऊ द्या.”

“तू? तुमच्या सोलमध्ये किमची पाकिटातून येते. मीठ कमीजास्त झालं तर हिवाळाभर कोण खाणार?”

सांगहो ओट्यावर उभा राहून फोनवर फोटो काढत होता. वळचणीला सुकत टांगलेली पर्सिमनची फळं, लाल मसाल्याची परात, चुलीवर शिजणारं डुकराचं मटण. त्यानं आईचा उतरलेला चेहरा पाहिला. पाहिला, आणि म्हणाला काय? “आई, पुढच्या वर्षी मी स्वतः गाडीतून नेईन तुला.”

आजींनी कोबीच्या पानात थोडा मसाला गुंडाळला आणि त्याच्या तोंडात भरवला. “मीठ बघ,” एवढंच म्हणाल्या.

सांगहो आजोबांना गाडीतून सभागृहात घेऊन गेला. तिथे आजोबांचा फोटो झोकात निघाला. फोटो काढणाऱ्या मुलीनं त्यांची कॉलर नीट केली आणि विचारलं, “आजी नाही आल्या?”

“तिला कामं आहेत.”

“पण आम्ही दुपारी पुढच्या गावाला जाणार. परत इकडे कधी येऊ, सांगता येत नाही.” मुलगी जरा घुटमळली. “आजींचा एखादा चांगला फोटो असेल तर द्या. मोठा करून देईन.”

“हात्तिच्या! याच्या फोनमध्ये ढिगानं असतील. दाखव रे.”

सांगहोनं फोन काढला. बोट सरकवत राहिला. बाबा नातवंडांना घेऊन. बाबा नव्या टोपीत. किमची, गेल्या वर्षीची आणि त्याच्याही आधीची. किमची भरवणारा आईचा हात. चुलीपुढे वाकलेली आईची पाठ. एका फोटोच्या कडेला अर्धा कान, बहुधा आईचाच. मग कापणीच्या सणाचा फोटो आला, सगळं घर ओळीनं उभं. आई कुठाय? त्यानं पुन्हा एकेक चेहरा बघितला आणि त्याला आठवलं. फोन आईच्या हातात होता. तो फोटो आईनंच काढला होता!

त्यानं फोन खाली केला. “बाबा,” तो म्हणाला, “एकही नाही.”

“नीट बघ.”

“नीटच बघितलं.”

शेगडीपाशी आपल्या पाळीची वाट बघत बोंगसॉक बसले होते. ते बसल्या जागेवरूनच बोलले.

“नाही सापडायचा. माझ्याही घरी नाही सापडला.”

“तुझं वेगळं रे,” आजोबा म्हणाले.

“काय वेगळं? माझी बायको गेली तेव्हा सगळं घर उलथंपालथं केलं. शेवटी गावाच्या सहलीतला एक फोटो मिळाला. त्यात ती मागच्या रांगेत. दुकानदारानं तिचं डोकं कापून काढलं आणि गुलाबी हानबोक घातलेल्या भलत्याच बाईच्या धडावर बसवलं. गुलाबी! जन्मात तिनं गुलाबी घातलं नाही, तेग्युदादा. मानही धड बसली नाही. नातू विचारतो, ही कोण आजी? आणि मी रोज सकाळी त्या परक्या कपड्यांपुढे वाकतो.”

सांगहोनं बाबांकडे बघितलं. आजोबांचा जबडा घट्ट आवळलेला.

“मग कोबीचं काय करू?” ते एकदम खेकसले. “रात्रभर मिठात मुरलाय तो! उद्यापर्यंत थांबतो का?”

“कोबी नाही थांबत. पण कोणाचे हात लागले, हे त्या कोबीला थोडंच कळतं? आपल्याला जाण्याआधी एक नीट चेहरा मागे ठेवायचाय. बायकांना नको? त्यांनी काय आपल्या पोटात राहायचं फक्त?”

आजोबा तडक बाहेर पडले आणि गाडीत जाऊन बसले. वाटेत त्यांच्या तोंडून एक शब्द निघाला नाही. बाबा संतापलेत की काय, आता घरी जाऊन आईवर तोंडसुख घेणार की काय, या धास्तीनं सांगहोचं गाडीवर लक्ष लागेना. शेवटी तो म्हणालाच, “बाबा, आईला काही बोलायचं असेल तर मला बोला.”

अंगणात शिरल्याशिरल्या आजोबांनी कोट काढून पर्सिमनच्या फांदीला अडकवला.

“मोजे दे,” ते आजींना म्हणाले.

आजी घाबरून उठल्या. “काय झालं? फोटो नाही निघाला?”

“माझा निघाला. तुझा राहिलाय. काढ ते मोजे.”

“अहो, पण कोबी?”

“मी भरतो.”

मग एक शेजारीण म्हणाली, “सांगहोचे बाबा, त्या हातानं डोळे चोळू नका म्हणजे मिळवली!” आणि बायका पोट धरधरून हसल्या. आजोबा हसले नाहीत. ते शर्टाच्या बाह्या वर करून आजींच्या जागेवर बसले. गुडघे कुरकुरले. “मीठ किती?” त्यांनी युनजूला विचारलं. अहो, सुनेला विचारलं!

आजींनी हात खसाखसा धुतले. हानबोकची नाडी घाईघाईत दोनदा सुटली. शेवटी युनजूनं येऊन ती बांधली. सांगहोनं गाडी हाणली ती नुसती हाणली. सभागृहाच्या वळणावर येताच त्याचा पाय ब्रेकवर गेला. फोटोवाल्यांची व्हॅन दारात उघडी होती आणि एक जण दिव्यांचे स्टँड आत ठेवत होता.

“गेले ते,” आजी हळूच म्हणाल्या. “राहू दे रे. चल मागे.”

आतून आवाज आला, “परत काढ, पोरी! या वेळीही माझे डोळे मिटले!”

बोंगसॉक अजून खुर्चीत ठाण मांडून बसले होते. कधी डोळे मिटायचे, कधी ऐनवेळी शिंकायचे, कधी कॉलर वाकडी झाली म्हणायचे. मुलगी बिचारी मेटाकुटीला आली होती. दारात निळा हानबोक दिसताच म्हातारबुवा टुणकन उठले.

“या वहिनी. खुर्ची गरम करून ठेवलीय.”

आजी बसल्या. अंग चोरून, हात पदराआड घ्यावेत तसे घोळदार झग्याच्या घडीत लपवून. मुलगी म्हणाली, “आजी, जरा हसा ना.” त्यांना ते जमेना. आयुष्यभर दुसऱ्यांना ‘हसा’ म्हणून सांगितलेलं, स्वतः हसायची वेळ कधी आलीच नव्हती.

सांगहो कॅमेऱ्यामागे जाऊन उभा राहिला. “आई,” तो म्हणाला, “बाबा आत्ता कोबी भरतायत.”

आजी खो-खो हसल्या. तोंडावर हात न्यायचंही भान त्यांना राहिलं नाही. तोच फोटो!

महिन्याभरात चौकटीत बसवलेले दोन्ही फोटो घरी आले. आजींनी ते गुंडाळायला कापड काढलं. आजोबांनी स्वतःचा फोटो मुकाट्यानं कपाटात ठेवला आणि आजींचा घेऊन हातोडी शोधू लागले.

“अहो, हा आत्ता लावायचा नसतो!”

“मग कधी? तू गेल्यावर? तेव्हा बघून काय करू?” आणि त्यांनी तो जेवायच्या मेजासमोर, येताजाता दिसेल असा ठोकला. डोळे पुसत आजी म्हणाल्या, “हातोडी सापडली वाटतं एकट्यानं.”

त्या वर्षीची किमची मात्र खारट झाली. चांगलीच खारट. सोलमध्ये पहिला डबा उघडला तेव्हा युनजूनं आणि सांगहोनं एकमेकांकडे बघितलं आणि भात जरा जास्त वाढून घेतला. तक्रार कुणी केली नाही.

वाचकहो, आज तुमच्या घरचे फोटो काढून बघा. जिच्यावाचून तुमची चूल पेटत नाही, तिचा चेहरा त्यात आहे का? की नुसता वाढणारा हात आहे? ती आपली आहे, कुठे जातेय, असं म्हणून आपण तिची प्रत्येक इच्छा पुढच्या वर्षावर ढकलतो, आणि मग परक्या गुलाबी कपड्यांपुढे वाकायची पाळी येते. तेव्हा आजच तिचा फोटो काढा. पण एक लक्षात ठेवा. कॅमेरा नंतर उचला. आधी तिच्या हातातलं काम आपल्या हातात घ्या. थोडं खारट झालं तरी चालेल!