बेतून घेतलेलं पुस्तक

आधीच सांगते, मी भांडायला गेले नव्हते. पण भाव ऐकून गप्प बसेन अशी बाईही मी नाही. उभा जन्म शिवणाचं दुकान चालवलं. गिऱ्हाइकाने "एवढ्याशा कामाचे एवढे?" म्हटलं की माझं डोकं फिरायचं, मापाची टेप गळ्यातून काढून मी सरळ म्हणायची, घरी शिवा मग. आणि आता त्या संपादक पोरीसमोर बसून मीच म्हणत होते, एवढ्याशा कामाचे एवढे? करावं तसं भरावं, दुसरं काय.

झालं असं की बोटं आणि गुडघे दोन्ही कुरकुरायला लागले तेव्हा मी दुकान बंद केलं आणि मशिनी विकल्या. रिकामा वेळ खायला उठला, म्हणून दुकानाच्या आठवणी लिहायला घेतल्या. नमुने कापायला आणलेले जाड कागद घरात पडून होते, त्यांवरच लिहिलं. गठ्ठा झाला तेव्हा छापखानेवाल्याकडे नेला. त्याने चारदोन पानं चाळली, चष्मा पुसला आणि म्हणाला, आधी एखाद्या संपादकाच्या हातून जाऊ द्या, मग मी आहेच. म्हणजे नकार, पण गोड.

घरात मी आणि माझी ताई, दोघीच. ताईच्या डोळ्यांवर पडदा आलाय. माणूस दिसतो, अक्षर दिसत नाही. मी लिहायला बसले की ती शेजारी लसूण सोलत नाहीतर रेडिओ ऐकत बसायची आणि मधूनच विचारायची, "माझ्यापर्यंत आलीस का गं?" मी म्हणायची, धीर धर, अजून दुकानाचं भाडं ठरतंय. ती हसायची. आठवड्याभराने पुन्हा तेच, माझ्यापर्यंत आलीस का.

ताई नर्सचं शिकत होती. मी दुकान टाकलं त्या वर्षी शाळेच्या गणवेशांचं मोठं काम आलं आणि त्याच सुमारास माझं बोट सुईखाली गेलं. ताई तुरपाई करायला आली, काज-बटणं करायला आली, चार दिवसांसाठी म्हणून आली आणि दुकान बंद होईपर्यंत मागच्या स्टुलावर बसून राहिली. पाटीवर नाव माझं. कोटाची वाहवा माझी. आत वळवलेली प्रत्येक कड तिची. परत का गेली नाहीस, हे मी कधी विचारलं नाही आणि तिनेही कधी सांगितलं नाही. आम्ही बहिणी असं काही बोलत नाही. तू आहेस म्हणून मी आहे, एवढंच एक वाक्य मला तिला सांगायचं होतं. तोंडाने जमत नव्हतं, म्हणून कागद घेतला. बाकीचं पुस्तक म्हणजे त्या एका वाक्याचं अस्तर होतं, हे तेव्हा माझं मलाही नीट कळलेलं नव्हतं.

तर संपादक पोरगी. औषधांच्या दुकानावर तिची खोली, दोन खुर्च्या, त्यातल्या एकीवर पुस्तकं. ती उचलून तिने मला बसवलं. नमुन्याला म्हणून मी पहिली पानं पुढे केली, तर ती म्हणाली, सुरुवातीची नकोत, सुरुवात सगळेच घासूनपुसून लिहितात, मधली द्या. मनात म्हटलं, पोरगी धंद्याची आहे. कापडवाला तागा दाखवतो तेव्हा वरची घडी मीही बघत नाही, आत हात घालते. गठ्ठा तिने ठेवून घेतला आणि पुढच्या आठवड्यात अंदाज सांगते म्हणाली.

पुढच्या आठवड्यात तिने तीन भाव सांगितले. नुसतं शुद्धलेखन सुधारायचं त्याचा एक. वाक्यं नीट बसवायची त्याचा दुसरा. आणि जिथे सगळं उलगडून पुन्हा मांडायचं त्याचा तिसरा, चांगला दणदणीत. मी म्हटलं, हे तर आमच्यासारखंच झालं; तुटलेलं बटण, उसवलेली शिवण, आणि आख्खा कोट उसवून लहान करणं. तिला ते फार आवडलं. माझं बरंचसं पुस्तक पहिल्या नाहीतर दुसऱ्या भावात बसत होतं. एकच प्रकरण तिसऱ्यात गेलं होतं, ताईचं.

"काकू, इथे तुम्ही एकच गोष्ट तीनदा सुरू केलीय आणि तिन्ही वेळा मधेच सोडलीय," ती म्हणाली. "हे मला नुसतं दुरुस्त करता येणार नाही. तुमच्याबरोबर बसून, विचारून विचारून बाहेर काढावं लागेल. त्याला वेळ लागतो, आणि पैसे त्या वेळेचेच आहेत."

माझं टाळकं सटकलं. माझ्या बहिणीचं मला सांगता येत नाही, आणि ही कालची पोर विचारून बाहेर काढणार! वर एकूण आकडा मशिनी विकून आलेल्या पैशांच्या बाहेर जात होता. मी घासाघीस केली. तिने चहा पाजला, पण भाव सोडला नाही. आपल्या कामाची किंमत जिला ठाऊक असते तिच्याशी घासाघीस करून काही हाती लागत नाही, हे मला कुणी शिकवायला नको होतं. शेवटी तिनेच एक वाट काढली. ते प्रकरण आहे तसं राहू दे, मी फक्त शुद्धलेखन बघते, वेडंवाकडं का होईना, पण राहू दे, म्हणाली.

इथे माझा धंदा आडवा आला. आमच्या दुकानातून उसवलेली शिवण कधी बाहेर गेली नाही. गिऱ्हाईक दारात ताटकळलं तरी चालेल, पण उसवलेलं द्यायचं नाही, हा माझा नियम. त्यापायी मी ताईलाही कितीदा ताटकळत बसवलंय. मी गठ्ठा काखेत मारला आणि बघते म्हणून जिना उतरले.

घरी येऊन कापड बेतावं तसं पुस्तक बेतलं. ताईचं प्रकरण बाजूला काढलं आणि आकडा पैशांत चपखल बसला. इतका चपखल की मला बरंच वाटलं. अंथरूण पाहून पाय पसरावेत, यात काय चुकलं? पुढे कधी नीट लिहू, दुसऱ्या छपाईत घालू, असं मनाला समजावलं. ताईने विचारलं, "पैसे कमी पडतायत का? माझ्या डब्यात आहेत थोडे." मी म्हटलं, जमलंय सगळं, तू कशाला. तिच्याच प्रकरणाला तिच्याच डब्यातले पैसे कसे लावायचे? तेव्हा मला तो मोठा मानी विचार वाटला. आता वाटतं, नुसता ताठा होता.

उरलेला गठ्ठा पोरीकडे गेला. दोन दिवसांनी तिचा फोन. ते प्रकरण कुठंय? परवडत नाही, मी म्हटलं. तिकडून तिने पानं उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाली, सगळ्यात कच्चं तेच होतं काकू, पण पुस्तक त्याच्याचसाठी लिहिलंय असं मला वाटलं होतं. मी फटकन म्हटलं, वाटण्याचे पैसे लावू नकोस म्हणजे झालं. ती बिचारी हसली.

आणि माझी जन्माची खोड, चांगला कागद वाया घालवायचा नाही. शिवणवर्गाच्या बाईंना लहान मुलांच्या झबल्याचे, शर्टाचे नमुने हवे होते. ती पानं टेबलावरच पडली होती, जाड, कडक. मी कात्री घेतली आणि त्यांच्या कॉलरी, बाह्या, पाठी कापून दिल्या. कापताना शाई दिसत होती. मी खडूच्या रेघेकडे बघत होते.

पुस्तक आलं. छान आलं, खोटं कशाला बोलू. पोरीने एक टाका इकडचा तिकडे होऊ दिला नव्हता. ताईने ते नाकाशी नेऊन वास घेतला आणि म्हणाली, वाच. रोज दुपारी जेवणं आटोपली की मी वाचायला बसायची. ती केस विंचरून, धुतलेले कपडे घालून ताठ बसायची, घरात कुणी पाहुणा यायचा असावा तशी. पहिल्या दिवशी तिने विचारलं, मी केव्हा येते? मी म्हटलं, पुढे आहे. दुसऱ्या दिवशी विचारलं. पुढे आहे. काय बोलून गेले मी! तेव्हाच खरं सांगितलं असतं तर निदान एका दुपारीत आटोपलं असतं. पण जीभ रेटली नाही. नंतर तिने विचारायचं सोडलं. नुसती ऐकत राहिली. गणवेशांचं काम आलं तिथे किंचित पुढे सरकली. माझं बोट सुईखाली गेलं, आणि पुढच्या ओळीत मी कामाला परत हजर. ताई पुन्हा मागे टेकून बसली.

शेवटच्या पानावर मी दुकानाचं शटर ओढते. ते वाचून झालं तरी ती तशीच बसलेली.

"संपलं?"

"संपलं."

तिने पुस्तक मागून घेतलं आणि कव्हरावरून हात फिरवला, कापडाचा पोत बघायची तसा. "छान झालंय गं," ती म्हणाली. "कुठे अडखळायला होत नाही." आणि माझ्याकडे न बघता, हसतहसत, "तुरपाईच होती ना माझी. सुलट बाजूने दिसली तर ती बिघडली म्हणायची."

माझी समजूत काढत होती ती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सकाळी उठून मी संपादक पोरीला फोन केला, त्या प्रकरणाची नक्कल असेल का म्हणून. तिने ठेवली नव्हती. काम पक्कं होईपर्यंत कुणाच्या लिखाणाची नक्कल ठेवत नाही, म्हणाली, आणि तिचा आवाज माझ्याहून जास्त पडला. मग मी शिवणवर्गात गेले. बाईंनी नमुने परत दिले, काही वापरून चुरगळले होते, काहींवर निळ्या खडूचे डाग. घरी टेबलावर मांडले. कॉलरीला बाही लावून बघितली, बाहीला पाठ. कडेच्या कातरणी केव्हाच केरात गेल्या होत्या. एकही वाक्य जुळत नव्हतं.

ताई आवाजाच्या रोखाने आली. काय करतेयस विचारलं. मी सगळं सांगितलं, भाव, तिचा डबा, कात्री, सगळं. ती एक कॉलर हातात घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, "यावर काय आहे ते वाच."

मी वाचलं. "ताई आली तेव्हा तिच्या हातात". पुढे गळ्याचा गोल होता.

"काय होतं माझ्या हातात?"

"पुढे कापलंय."

"अगं, मग तू सांग की," ती खुर्चीत बसत म्हणाली. "बोलायला कुठे शब्दामागे पैसे पडतात?"

ती ऐकायला बसली होती. फुकट, आणि हवा तेवढा वेळ. मी म्हटलं, ताई, तू त्या दिवशी दुकानात आलीस ना, आणि थांबले. पाणी प्यायले. म्हटलं, तुझी परीक्षा जवळ आली होती, तरी तू... आणि पुन्हा थांबले. तिसऱ्यांदा नुसतं "ताई" एवढंच आलं. त्या पोरीने किती अचूक अंदाज दिला होता! विचारून विचारून बाहेर काढणारं कुणीतरी हवं होतं, आणि ते पैसे मी वाचवले होते.

ताई बराच वेळ बसली. मग कॉलर जपून टेबलावर ठेवली, माझ्या खांद्यावर हात टेकून उठली आणि म्हणाली, "राहू दे. कळलं मला." चाचपत चाचपत आत गेली, चहा टाकायला.

तिला कळलं असेल. पण मला ते सांगायचं होतं.