शिंगांच्या किती जोड्या

भाद्रपदात वसंत आणणाऱ्या या देशाशी विभावरीबाईंनी पहिल्याच वर्षी जुळवून घेतलं होतं. फुलपाखरू मंडळाच्या सचिवांशी मात्र जुळण्याची शक्यता नव्हती.

पुण्यात तीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवून त्या आता न्यूझीलंडमध्ये, ऑकलंडच्या माउंट रॉस्किल उपनगरात मुलाकडे राहत. सप्टेंबरातल्या पहिल्या उबदार सकाळी, मागच्या अंगणातल्या स्वान प्लँट नावाच्या झुडपावर एक लहानसं तांबडं फुलपाखरू अंडी घालताना त्यांना दिसलं. हे इथलं नेहमीचं मोनार्क नव्हे, अशी त्यांची खात्री झाली. हा आपल्याकडच्या रुईवरच्या प्लेन टायगरचा भाऊबंद, ऑस्ट्रेलियातून वाऱ्यावर क्वचित येणारा पाहुणा. त्यांनी फोटोसह मंडळाला कळवलं. सचिवांचं उत्तर आलं : ‘मोनार्कच. लहान असतात कधी. फोटो उघडण्याची गरज भासली नाही.’

अज्ञानाला विभावरीबाई क्षमा करीत. आळस अधिकारवाणीने बोलू लागला, की त्यांचा आवाज फार मृदू होई.

“सुरवंटच सांगतील,” त्या मृदूपणे नवऱ्याला म्हणाल्या. “मोनार्कला शिंगांच्या दोन जोड्या, माझ्या पाहुण्याला तीन. तोवर झाडाला हात लावायचा नाही.”

काशिनाथरावांनी वर्तमानपत्राआडून मान डोलावली. म्हणजे काहीही ऐकलं नव्हतं.

शनिवारी मारुतीच्या तसबिरीला लांबट हिरव्या पानांचा ताजा हार होता. देठांशी पांढरा चीक.

“अहो, ही पानं कुठली?”

“मागची. रुई इथं कुठून आणू? तूच म्हणालीस, ते झाड रुईच्या कुळातलं.”

“मी वर्गीकरण सांगत होते, पूजाविधी नव्हे!”

“जन्मात तुझं एक लेक्चर लक्षात ठेवलं, तर त्याचीही शिक्षा?”

विभावरीबाईंनी भिंग आणून देवाच्या गळ्यातलं पान न् पान उलटलं. तीन पानांमागे खसखशीएवढं एकेक अंडं होतं.

“देवाच्या गळ्यातून काढणार?” काशिनाथराव चपापले. मग स्वतःच कात्री घेऊन आले. “तीनच हं. बाकीचा हार राहू दे त्याला.”

ती पानं दोऱ्याने झाडावर बांधली गेली. त्यानंतर रोज सकाळी चहाचा कप घेऊन काशिनाथराव विचारीत, “फुटली का शिंगं?” सुरवंट निघाले, त्यांनी आधी आपलंच टरफल खाल्लं, मग पानं. दोनदा कात टाकल्यावर भिंगातून सगळं स्वच्छ दिसलं. डोक्याशी एक जोडी, शेपटीशी एक. मधे नुसते पट्टे. विभावरीबाईंनी तिन्ही सुरवंट पुन्हा पाहिले.

काशिनाथरावांनी भिंग घेतलं. “मधे काही नाही गं.”

“दिसतंय मला.”

“म्हणजे सचिव बरोबर.”

“बरोबर निघाले. त्यांना माहीत होतं असं नव्हे.” तरी त्या तडक आत जाऊन मंडळाला लिहून आल्या : मोनार्कच, चूक माझी.

काशिनाथराव अजून झाडाशी वाकलेले होते. “पण मग अंडी घालणारी ती आई एवढीशी का होती?”

विभावरीबाई थबकल्या. हा प्रश्न सचिवांना पडला नव्हता. आणि, हे जास्त झोंबणारं होतं, खुद्द विभावरीबाईंनाही नाही.

“थंडीत उपाशी वाढली असेल,” त्या म्हणाल्या. “किंवा नसेल. पट्टी आणा बरं, हे किती वाढतात ते रोज मोजू.”