साडेसव्वीस मिलिमीटर

उस्मानपुऱ्यातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात बारा वर्षं झाली, मी मशीनवर बसते. हनुवटी ठेवा, लाल दिव्याकडं बघा, डोळा हलवू नका. एवढंच माझं काम, अन् ते मला आवडतं. पण त्या मंगळवारी कालिंदीबाई आल्या, अन् मला माझ्याच खुर्चीची किळस आली.

सोबत मुलगा मंदार आणि होणारी सून स्वरदा. रविवारी वैजापूरला, मुलीकडं साखरपुडा. पोरीला चष्मा नव्हता, तरी बाईंना तिच्या डोळ्याची लांबी मोजून हवी होती. कुठल्याशा ग्रुपवर वाचलं होतं त्यांनी, अन् मेलं वाचलेलं खरंच होतं. मायनस नंबरवाल्याचा डोळा पुढून मागं जास्त लांब असतो. ऑपरेशनमध्ये बुबुळावरचा थर घासून चष्मा घालवता येतो, लांबी मात्र तेवढीच राहते.

"उद्या नातवंडांना जाड भिंगं नकोत," बाई म्हणाल्या. बाजारात बैलाचे दात बघतात तसं चाललं होतं. मंदार माझ्या टेबलावर कोपर टेकून मोबाइल चाळत होता.

स्वरदाची पापणी थरथरत होती, माप तीनदा घ्यावं लागलं. साधारण डोळा साडेतेवीस मिलिमीटरच्या आसपास असतो. हिचा आला साडेसव्वीस. चष्मा नसताना एवढी लांबी, म्हणून तिची जुनी फाइल काढली. दोन वर्षांपूर्वी चष्मा घालवायचं ऑपरेशन आमच्याकडंच झालेलं. खाली सोबत आलेल्या माणसाची सही होती, मंदारची.

"किती आलं?" बाईंनी विचारलं.

"पेशंटचं माप मी पेशंटलाच सांगते."

"सांगा, रत्नमालाताई," स्वरदा हळूच म्हणाली. "माझी हरकत नाही."

मग आकडा सांगितला. बाईंनी खोदून विचारलं म्हणून अर्थही सांगितला.

"म्हणजे फसवलंत आम्हाला," बाई म्हणाल्या. "मंदार, तुला माहीत होतं?"

स्वरदा त्याच्याकडं बघत राहिली. तो हो म्हणाला असता तर तिचं लग्न वाचलं असतं, एवढी साधी गोष्ट होती.

"नाही गं आई. मला कशाला सांगेल ती?"

शी. लई माणसं बघितली ह्या खुर्चीवरून, पण इतका लिबलिबीत गडी नाय बघितला. पुरावा माझ्या हातात, अन् तोंड उघडायचा मला हक्क नाय.

स्वरदानं हात पुढं केला. "माझी फाइल आहे ना? द्या."

सहीवर बोट ठेवून तिनं ती बाईंपुढं धरली. "आठ दिवस माझ्या डोळ्यांत ड्रॉप यानंच घातले, काकू. तुम्हाला सांगू नको म्हणाला पण हाच." मग फाइल तिथंच ठेवून पर्स उचलली. "रविवारी वैजापूरला येऊ नका."

ती गेली. बाईंनी सही नीट निरखली. मला वाटलं, आता पोराच्या कानाखाली वाजवणार. त्यांनी फाइल मिटून ठेवली.

"बरं झालं, वेळेत कळलं," त्या म्हणाल्या. "पुढची मुलगी पसंत पडली की तिलाही इथंच आणू. माप पक्कं देता तुम्ही."

मंदारनं मान डोलावली.

"दुसरा दवाखाना बघा," मी म्हटलं, अन् त्याचा कोपर टेकला होता तेवढं टेबल स्पिरिटनं पुसून काढलं.