"काही नाही" असं लिहिलेला रकाना

अर्ज भरताना आपण सगळेच थोडंफार लपवतो. खोरोनिंगन या डच शहरातल्या एका शाळेची देखभाल पंचवीस वर्षं बघणाऱ्या वुब्बोनंही तेच केलं. 'सध्या कोणती औषधं घेता?' या रकान्यात त्यानं लिहिलं, 'काही नाही.'

"काही नाही?" पावाला लोणी लावता लावता त्याची बायको आल्त्ये कडाडली. "मग मनाच्या आजारावर दहा वर्षं लिथियमच्या गोळ्या घेतोस, त्या काय पेपरमिंटच्या आहेत?"

"दोन दिवस झाले, बंद केल्यात. खरं लिहिलं तर घेणारच नाहीत मला. वर वेडा ठरेन!"

"डॉक्टरांना विचारलंस?"

वुब्बो अर्जाची घडी घालून उठला. आई गेल्यापासून त्याच्या छातीवर दगड होता. ट्रफल्स ही मातीखाली वाढणारी, मनाची अवस्था पालटणारी बुरशी. जाणत्याच्या देखरेखीत घेतली की असे दगड हलतात, असं त्यानं ऐकलं होतं. त्यासाठीच हा अर्ज होता; तीन महिने वाट पाहिल्यावर त्याचा नंबर लागला होता.

आल्त्येनं गाडी चालवली.

गावाबाहेरच्या जुन्या शेतघरात रूलीन त्यांची वाट बघत होती. पूर्वी ती नर्स होती; आता लोकांना आपल्या देखरेखीत ट्रफल्स द्यायची. तिनं अर्ज बाजूला सारला.

"कागद वाचला. आता तोंडानं सांगा. कुठली गोळी?"

वुब्बोनं बायकोकडे पाहिलं. ती मुद्दाम खिडकीबाहेर बघत राहिली.

"लिथियम," तो पुटपुटला. "पण सोडलंय."

रूलीननं ट्रफल्सची डबी कपाटात ठेवून कुलूप लावलं. "आज नाही."

"अहो, दुकानात कुणीही विकत घेतं!"

"दुकानदार तुमचा आजार विचारत नाही. लिथियमवर ही बुरशी घेतली तर झटके येऊ शकतात. आणि गोळ्या आपल्या मनानंच बंद केल्या की जुना आजार उलटतो. कुणाला द्यायची नाही, हे ओळखणं माझं पहिलं काम! डॉक्टरांना फोन लावा. आत्ता, इथूनच."

डॉक्टर आधी रागावले, मग काय करायचं ते नीट सांगून त्यांनी दुसऱ्या दिवशी भेटायला बोलावलं. वुब्बोनं फोन ठेवला.

"आईलासुद्धा हा आजार सांगितला नव्हता हो," तो म्हणाला. "ती विचारायची, काय होतंय रे? मी म्हणायचो, दमलोय."

आणि तो हमसून रडला! कसलीही बुरशी न खाता!

"रड रे, पोटभर रड," आल्त्ये त्याची पाठ चोळत म्हणाली. रूलीननं वाटाण्याचं गरम सूप समोर ठेवलं. "घ्या. याला डॉक्टरांची परवानगी लागत नाही." तिघंही हसली.

आता वुब्बो गोळ्या वेळेवर घेतो, समुपदेशकाकडे जातो. शाळेच्या मुख्याध्यापिका बाईंनाही त्यानं सगळं सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "आधी सांगायचंत ना!" ट्रफल्स बहुधा त्याच्यासाठी नाहीतच, आणि त्याला त्याची खंत नाही. रात्री झोप लागते.

मित्रहो, आजार सांगण्यात कसली आलीय लाज? मन कुणाच्या हाती सोपवायचंच असेल, तर 'नाही' म्हणण्याची हिंमत असलेल्याच्या हाती सोपवा. आणि त्याला खरं सांगा, कारण आपण खोटं लिहिलं तर सगळ्यात शहाणा माणूसही आपल्याला वाचवू शकणार नाही!