शेंगा फोडणारी पक्कड

हसू नका. मी पक्कड आहे. खिळे उपटणं, तारा तोडणं, नटबोल्ट आवळणं हा माझा धर्म. तरीही माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत मोठं काम कोणतं असं कुणी विचारलं, तर मी सांगेन, भुईमुगाच्या शेंगा फोडल्या. कशा आणि कुणासाठी, ते ऐका.

माझा जन्म भट्टीतला. लालबुंद लोखंडावर घाव बसले, दोन पाती एका खिळ्यात अडकली, पायांत प्लास्टिकचे लाल मोजे चढले आणि मी जगात आले. नाशिकला रविवार कारंजाजवळच्या एका हार्डवेअरच्या दुकानात बरेच दिवस खोक्यात पडून होते. १९९२ची दिवाळी जवळ आली होती. एका माणसाने मला उचललं, दोन-चारदा उघडलं-मिटलं, उजेडासमोर धरून माझ्या जबड्यात फट राहते का ते पाहिलं आणि दुकानदाराला म्हणाला, "हीच द्या."

ते चिमाजी. ओझरच्या विमानाच्या कारखान्यात फिटर होते. सकाळी कंपनीची बस पकडायचे, संध्याकाळी परतायचे आणि चहा झाला की घरातली दुखणी बघायला बसायचे. आडगाव नाक्याजवळच्या कॉलनीत त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. घरात बायको मंगलाबाई आणि शाळेत जाणारा मुलगा महेश.

तुम्ही माणसं एकमेकांना चेहऱ्याने ओळखता. मी मुठीने ओळखते. चिमाजींची मूठ कोरडी आणि उबदार. जेवढा जोर हवा तेवढाच लावायची, रतीभर जास्त नाही. त्या मुठीत मला कधी आपण लोखंड आहोत असं वाटलं नाही.

ते दिवसच नवलाईचे होते. घरात मिक्सर आला, रंगीत टीव्ही आला, गच्चीवरचा अँटेना गेला आणि खिडकीतून केबलची वायर आत शिरली. पुढे फोनही आला. वस्तू आली की पहिल्या दिवशी हळदीकुंकू लावायचं, आठ दिवस कापडाने पुसायची आणि मग तिच्याकडे ढुंकून बघायचं नाही, ही तुमची रीत मी तेव्हाच ओळखली. बंद पडली की मात्र सगळे तिच्याभोवती गोळा. आणि माझ्या नावाचा पुकारा. "पक्कड कुठंय? आत्ता तर इथं होती!" मला जिथे ठेवलं असेल तिथेच मी असायचे.

चिमाजी एरवी शांत माणूस, पण हत्यारांच्या बाबतीत कडक. मंगलाबाईंनी मला फक्त आणून द्यायचं. बाकी हात लावायचा नाही. एकदा सांडशीचा खिळा निसटला आणि दूध तर उतू चाललेलं. मंगलाबाईंनी मलाच उचललं आणि पातेलं उतरवलं. ते ठेवताना माझा एक पाय शेगडीला टेकला, मोजा वितळला आणि आतलं लोखंड उघडं पडलं.

संध्याकाळी चिमाजींनी ते पाहिलं. "ही काय सांडशी आहे?"

"मग काय हातानं उचलू?" मंगलाबाई चांदवडकडच्या. कांद्याच्या शेतात वाढलेल्या, कुणाचं ऐकून घेणाऱ्या नव्हेत. "दुधापरीस तुमची पक्कड लय मोठी का?"

 रात्रीच्या जेवणाआधी चिमाजींनी सांडशीचा खिळा ठोकून दिला.

वर्षं अशीच गेली. महेश शिकला, नोकरीला पुण्याला गेला. २००३चा सिंहस्थ होऊन दोन वर्षं झाली होती. त्या थंडीत एका सकाळी चिमाजी कंपनीची बस पकडायला म्हणून बूट घालत होते. बुटाची नाडी उजव्या हातात धरता येईना. पुन्हा धरली, पुन्हा सुटली. मंगलाबाईंना हाक मारायला तोंड उघडलं, तर शब्दच फुटेना.

अर्धांगवायू होता. दवाखान्यातून घरी आले तेव्हा उजवा पाय थोडा हलत होता. उजवा हात उशीवर जसा ठेवावा तसा पडून असायचा. वाचा गेली होती. सगळं समजायचं, पण तोंडून नुसता 'आं आं' असा आवाज यायचा. तो आवाज स्वतःच्या कानांना ऐकू येऊ लागला तसा त्यांनी तोही बंद केला.

माणूस आजारी पडलं की घरही आजारी पडतं. मोरीतला नळ ठिबकू लागला. कुकरची दांडी हलू लागली. मिक्सर लावायच्या बोर्डातून जळका वास येऊ लागला. मिस्त्री "उद्या येतो" म्हणायचा. महेश फोनवर म्हणायचा, "आई, टाकून दे ना ते सगळं. मी येताना नवीन घेऊन येतो."

"सगळं नवीन आणशील रे," मंगलाबाई म्हणाल्या, "पण इथं पलंगावर आहेत त्यांचं काय करू?" आणि त्यांनी फोन ठेवला.

व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरांनी एक मऊ रबरी चेंडू दिला होता. उजव्या हाताने रोज दाबायचा, म्हणजे बोटांत जीव येईल. चिमाजींनी तो डाव्या हाताने उचलून पलंगाखाली भिरकावला. मंगलाबाईंनी काढून दिला की पुन्हा भिरकावायचे. ज्या हाताने विमानाचे भाग बसवले, त्या हाताने पोराचा चेंडू दाबायचा! त्यांच्या डोळ्यांतली ती चीड मला समोरच्या फळीवरून दिसायची. पुढेपुढे चीडही दिसेना. ते नुसते भिंतीकडे बघत राहायचे. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

एका दुपारी मंगलाबाई शेंगा निवडत बसल्या होत्या. मध्येच उठल्या, फळीवरून मला काढलं आणि चिमाजींच्या उजव्या हातात ठेवलं. बोटं एकेक करून माझ्याभोवती वळवली.

मी मूठ ओळखलीच नाही. ओली, गार, वजन नसलेली. क्षणभर टिकले आणि धाडकन फरशीवर पडले.

मंगलाबाईंनी मला उचललं, पदराने पुसलं, पुन्हा हातात दिलं. या वेळी माझ्या जबड्यात एक शेंग ठेवली. "फोडा. मला दाण्याचं कूट करायचंय."

चिमाजींनी त्यांच्याकडे रागाने पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मला भिरकावतील असं वाटलं, पण मला त्यांनी कधी फेकलं नव्हतं. त्या दिवशीही फेकलं नाही. शेंग मात्र फुटली नाही.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. मंगलाबाई शेंगांची टोपली घेऊन शेजारी बसायच्या. चिमाजींच्या कपाळावर घाम यायचा, ओठ वाकडे व्हायचे. संक्रांत झाली, थंडी ओसरली. आणि एका दुपारी माझ्या जबड्यात बारीकसा 'कट' असा आवाज झाला. एक दाणा चादरीवर घरंगळला.

मंगलाबाईंनी तो उचलून चिमाजींच्या तोंडात घातला आणि तोंड फिरवून स्वयंपाकघरात निघून गेल्या. बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

त्यानंतर घरात दाण्याच्या कुटाला तोटा नव्हता.

मग दुरुस्त्या सुरू झाल्या. करणाऱ्या मंगलाबाई, सांगणारे चिमाजी, तेही खुणांनी. डाव्या हाताचं बोट उजवीकडे फिरलं की आवळायचं, डावीकडे फिरलं की सैल करायचं. पंजा जमिनीकडे दाबला की आधी मेन स्विच बंद. नळाचा वायसर बदलला, कुकरची दांडी आवळली. मंगलाबाईंची मूठ घाईची होती, उगाच जोर लावायची, माझे दात दुखायचे. पण काम व्हायचं. काम झालं की चिमाजी मान डोलवायचे. बोलत मात्र नव्हते. डॉक्टरांनी सांगितलं होतं, वाचेचं काही खरं नाही, येईल किंवा येणार नाही.

मे महिना आला. त्या वर्षी लोडशेडिंग जोरात होतं, सकाळी वीज जायची ती अकराला यायची. एके दिवशी वीज गेलेली बघून मंगलाबाईंनी मिक्सरचा तो जळका बोर्ड उघडला. चिमाजींचा डोळा लागला होता, म्हणून त्यांना विचारलं नाही. वीजच नाही तर मेन कशाला बंद करायचा, असं त्यांना वाटलं असणार. त्यांनी काळी पडलेली वायर माझ्या जबड्यात धरली. आणि त्यांची मूठ होती माझ्या उघड्या पायावर, जिथे मोजा वितळला होता तिथे.

मला ओरडता येत नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्याचं इतकं वाईट वाटलं.

पलंगावर चिमाजी जागे झाले होते. त्यांनी बायकोला पाहिलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. अकरा वाजत आले होते. त्यांनी पंजा जमिनीकडे दाबला, पण मंगलाबाईंची त्यांच्याकडे पाठ होती.

"थांब!"

मंगलाबाईंच्या हातून मी सुटले आणि फरशीवर आदळले. त्या वळल्या. दारात कुणी आलंय असं आधी त्यांना वाटलं. मग पलंगाकडे बघितलं.

"मेन," चिमाजी म्हणाले. एकेक अक्षर दगड उचलावा तसं येत होतं. "मेन... बंद."

मंगलाबाई बोलणार, इतक्यात डोक्यावरचा पंखा करकरत फिरू लागला.

त्या तिथेच खाली बसल्या. एकदा बोर्डाकडे, एकदा पंख्याकडे बघत राहिल्या. आणि मग रडता रडता भांडायला लागल्या. "इतके महिने गप बसले! मी आपली एकटीच बडबडते भिंतीशी. आता बरं ओरडता येतंय!"

चिमाजींचा चेहरा वाकडा झाला. हसत होते ते.

आता २००९ साल चालू आहे. चिमाजी काठी घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत जातात. उजवा हात पूर्ण आला नाही, येणारही नाही. बोलतात, पण थोडं, आणि सावकाश. शेजारच्या सखुबाई परवा इस्त्री घेऊन आल्या तर मंगलाबाईंनी उघडून दुरुस्त करून दिली, मेन बंद करून. महेशने पुण्याहून ड्रिल मशीनची मोठी पेटी आणली आहे. देखणी आहे. मोबाइल नावाची वस्तूही घरात आली आहे. तिला स्क्रू कुठे आहेत ते मला अजून सापडलेलं नाही. तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. प्रत्येकाचा काळ असतो.

माझे दात झिजलेत, सांध्यावर तांबेरा चढतो. तुमच्या घरातही माझी एखादी बहीण कुठल्या तरी ड्रॉवरच्या तळाशी पडली असेल. महिन्या-दोन महिन्यांनी तिला तेलाचा एक थेंब द्या. तिने नारळ फोडू नका. शेजाऱ्यांनी नेली तर मागून आणा, लाजू नका. आणि काही बंद पडलं की टाकून द्यायच्या आधी ते एकदा हातात घेऊन बघा. वस्तूच नव्हे, काहीही.

बास, आता थांबते. दारातल्या ओट्यावर बसून चिमाजी हाक मारतायत. एवढ्या वर्षांच्या संसारात ते बायकोला 'अगं' म्हणायचे, 'ऐकलंस का' म्हणायचे. नावाने हाक मारलेली मी कधी ऐकली नव्हती. वाचा परत आल्यापासून मात्र त्यांना लांबलचक बोलणं जमत नाही, म्हणून मोजकेच शब्द वापरतात, आणि त्यांत बायकोचं नाव रोज असतं. सगळी गल्ली ऐकते, मंगलाबाई लटक्या रागाने "हळू की!" म्हणतात आणि मला घेऊन लगबगीने बाहेर जातात.

"मंगल! शेंगा आण."